दहा शिलिंगांचा परवाना आणि मस्कतच्या बंदुका

१८७८ हे साल मराठीच्या अभ्यासकांना देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यामुळे ठाऊक असते. त्याच वर्षी, त्याच लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, हिंदुस्थानी शस्त्र कायदाही आला. वर्गात त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. रिपनने १८८२ मध्ये वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. शस्त्रांचा राहिला, आणि स्वतंत्र भारतात १९५९ चा कायदा होईपर्यंत राहिला. शब्दांचे भय सरकारला चारच वर्षे वाटले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले आठवले की तो आवरावा लागतो.

या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांना सूट मिळाली ती त्याखालच्या नियमांतून. खुद्द इंग्लंडात त्या वेळी काय होते? १८७० च्या कायद्याप्रमाणे दहा शिलिंग भरावेत, पोस्टातून वर्षाचा परवाना घ्यावा आणि बंदूक खांद्यावर टाकून हिंडावे. तो मुळात एक कर होता. अर्जदार कोण, कशाकरिता बंदूक हवी, याची चौकशी त्यात नव्हती.

घरी इतके उदार असलेले हेच राष्ट्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत गुलामांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी आफ्रिकेच्या मोठ्या भूभागात आधुनिक बंदुका जाऊ नयेत, या करारात सामील झाले. हेतू खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण मस्कतच्या बंदरात उतरणाऱ्या बंदुकांत ब्रिटिश कारखान्यांचा मालही होता, तो ब्रिटिश व्यापारीच आणत, आणि तेथून तो वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांपर्यंत पोचे. १८९८ मध्ये मस्कतच्या सुलतानाकडून जहाजे तपासण्याची मुभा घ्यावी लागली. पुढे आखातात आरमारी गस्त घालावी लागली. फ्रान्स आपल्या १८४४ च्या तहावर बोट ठेवून व्यापार सोडीना, ही तक्रार लंडनने वर्षानुवर्षे केली.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात देवलांच्या ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तूल झाडले. सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून पेटीत लपवून पाठवली होती, असे सरकार पक्षाने खटल्यात मांडले. म्हणजे कायद्याने निःशस्त्र केलेल्या प्रजेकडे शस्त्र आले ते साम्राज्याच्या राजधानीतून!

येथे ‘अंतर्गत धोरण’ या शब्दापाशीच आम्ही अडखळतो. हिंदुस्थान ब्रिटनचे घर की परदेश? बंदुकीपुरते पाहिले तर त्याची गणना आफ्रिकेबरोबर होई, केंटबरोबर नव्हे.

ही विभागणी महायुद्धानंतर ढळली. १९१९ मध्ये शस्त्रव्यापाराचा नवा आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेने मान्यता न दिल्याने तो अडला. मात्र १९२० मध्ये ब्रिटिश संसदेने आपल्याच नागरिकांसाठी नवा कायदा केला. रशियन क्रांतीची धास्ती आणि हाती बंदूक चालवण्याचा सराव असलेले, युद्धातून परतलेले बेकार शिपाई, ही त्याची पार्श्वभूमी. आता रायफल किंवा पिस्तूल हवे असेल, तर इंग्रज माणसालाही पोस्टाऐवजी पोलीसप्रमुखाकडे जाऊन सबळ कारण दाखवावे लागणार होते.