ग्राफिक्स कार्डावरचा खोटा आळ

संगणक मंदावला की दुकानदार आणि मिक्सिंगवाले एकमुखाने निकाल देतात: ‘ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं, नवं घ्या.’ अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाच्या महाशिवरात्री यात्रेचे ड्रोनचित्रण जोडत बसलेल्याला हा सल्ला चांगलाच महागात पडतो. त्यामागचा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. कार्ड जुने होते, सॉफ्टवेअर जड होत जाते, म्हणून काम रेंगाळते. पण काल रात्रीपर्यंत सुरळीत चाललेले कार्ड ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) अपडेट होताच सकाळी म्हातारे कसे झाले, याचे उत्तर या तर्कापाशी नाही.

कार्डाकडे एकाच वेळी अनेक प्रोग्राम कामे धाडतात: एडिटिंग, ब्राउझर, पडद्यावरच्या खिडक्या. कोणाचे काम आधी चढवायचे, हे बहुतांशी ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरवतात. प्रतापगडाची चढण तीच आणि भाविकही तेवढेच असले, तरी रांगा सोडण्याची पद्धत बदलली की कोणाचे दर्शन लवकर होते, कोणाचा दिवस जातो. कार्डाचेही तसेच.

लिनक्सचा दाखला घ्या. एएमडीसह अनेक कार्डांचे ड्रायव्हर ज्या सामायिक शेड्युलरवर, म्हणजे कामांची पाळी लावणाऱ्या भागावर, चालतात, तो पूर्वी प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक काम उचलायचा. त्यात लांब रांगेतली कामे ताटकळत. म्हणून ‘आधी येईल त्याला आधी’ ही पद्धत आणली गेली आणि लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) 2023 मधल्या 6.2 आवृत्तीपासून तीच डीफॉल्ट ठरली. जुनी तक्रार मिटली, नवी उभी राहिली: जड प्रोग्रामने कामांचा ढीग आधीच लावला असेल, तर खिडकी सरकवण्याचे चिमुकले काम त्यामागे खोळंबते.

पुढे 6.8 आवृत्तीसाठी याच शेड्युलरची मांडणी बदलली, तेव्हा तर सरळ चूकच झाली. तो एका रांगेपाशी जाई, तिथे काम तयार नसले की थांबे. इतर रांगांत तयार कामे पडून राहत. जानेवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली: थांबण्याआधी सगळ्या तयार रांगा पाहायच्या. या साऱ्या घडामोडीत कार्डाचा एक स्क्रूही बदलला नव्हता.

यावर काहीजण दुसरे टोक गाठतात: विंडोजमधले ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ चालू करा, वेग वाढलाच समजा. मे 2020 मध्ये ही सोय आली, तेव्हा वापरणाऱ्याला फारसा फरक जाणवू नये, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले होते. पाळी लावण्याचे बरेचसे काम कार्डाकडे सोपवले, म्हणून कार्डाची ताकद वाढत नाही.

कार्ड कधीच दोषी नसते, असा याचा अर्थ नव्हे. पंख्यात धूळ साचली, तापमान चढले, किंवा 4K चित्रणाला कार्डाची मेमरी अपुरी पडली, तर काम खरोखरच अडते. पण हे दोष ड्रायव्हर बदलल्याने नाहीसे होत नाहीत, आणि कसोटी नेमकी इथेच आहे. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणा, लिनक्स असेल तर बूट मेनूतून मागचे कर्नल निवडा, आणि तोच व्हिडिओ पुन्हा रेंडर करून वेळ मोजा. वेग परतला, तर दोष अपडेटचा. नाही परतला, तर आधी धूळ, तापमान आणि मेमरी तपासा. एवढे झाल्याशिवाय नव्या कार्डासाठी खिशात हात घालू नका.