मागचे शॉकअप आणि काळ्या मातीचा रस्ता

जुन्या स्पोर्ट्स कारचे मागचे शॉकअप बदलायचे का, हा प्रश्न गॅरेजातला वाटतो. पण त्यात इतिहास आहे, आणि तो धुळे-जळगाव रस्त्यावर नीट कळतो.

पारोळा, एरंडोलकडे येताना दोन्ही बाजूंना आपली कपाशीची काळी जमीन दिसते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खालची माती अशी हलली की वरच्या डांबराच्या लाटा होतात. लाटेवर गाडी गेली की पाटे दबतात, उसळतात. वजन पेलायचं काम पाट्यांचं. शॉकअपचं काम ती उसळी शमवायचं: आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो.

आता एमजीबी घ्या. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यांच्या मागे शेवटपर्यंत दांड्याचे शॉकअप होते. म्हणजे गाडीच्या अंगाला बोल्टने बसवलेली तेलाची डबी आणि तिच्यातून निघालेला हात. हात बराच हलतो, आतला पिस्टन अगदी थोडा. त्यामुळे थोडक्या तेलावर फार दाब येतो. सील झिजलं की तेल गळतं आणि गाडी मागून डुलते. म्हणून हौशी लोक तिथे नळीचे, टेलिस्कोपिक शॉकअप बसवतात.

गंमत बघा, १९५३ची फियाट ११००, जिची पुढे आपल्याकडे पद्मिनी झाली, तिलाही मागे पाटेच. पण शॉकअप नळीचे! वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बांधलेली घरगुती गाडी या एका बाबतीत स्पोर्ट्स कारच्या पुढे होती. पुढे १९६१मध्ये मुलुंडला शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडियाही उभी राहिली.

मग एमजीबीचे बदलावेत का? बदलावेत, पण कडक नकोत असं आमचं मत. कडक शॉकअप रेसच्या गुळगुळीत ट्रॅकला ठीक. आपल्या लाटांवर चाक जमीन सोडून उडतं, आणि ते वळणावर झालं तर गाडी मागून घसरते. लांबीही तपासा. पाटे पुरते दबायच्या आत शॉकअप आपटला तर सगळा धक्का ब्रॅकेटवर येतो, तिथे तडा जातो.

आणि मूळच्याच भोकांत बसणारे ब्रॅकेट घ्या, नवी भोकं पाडू नका. काढलेल्या डब्या भंगारवाल्याला देऊ नका. तेल भरून, कापडात गुंडाळून ठेवा. पुढच्या मालकाला गाडी जशी होती तशी करता आली पाहिजे.