मॅम टॉरचा रस्ता

ए625 हा इंग्लंडमधील शेफील्ड शहरापासून पीक डिस्ट्रिक्टच्या पश्चिम कडेच्या चॅपल-एन-ले-फ्रिथ या गावापर्यंत जाणारा सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता. कॅसलटन गावाच्या पुढे मॅम टॉर डोंगराच्या पायथ्याशी तो 1979 साली कायमचा बंद झाला. ए625 हा क्रमांक आता शेफील्डहून दुसऱ्याच बाजूला, कॅलव्हरकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळाला आहे. फॉक्स हाउस ते कॅसलटन हा जुन्या मार्गाचा सुमारे 15 किलोमीटरचा तुकडा ए6187 म्हणून ओळखला जातो.

फॉक्स हाउस सोडले की रस्ता माळरानावरून उतरणीला लागतो आणि ‘सरप्राइझ’ नावाच्या वळणावर अख्खे होप खोरे एकदम समोर येते. वळणाजवळच्या मिलस्टोन एज या कड्याखाली गिरणीसाठी घडवलेली मोठाली दगडी जाती आजही गवतात पडून आहेत. मागणी संपली आणि ती तिथेच राहिली. असेच जाते पुढे पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचे चिन्ह झाले. 1951 साली स्थापन झालेले हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. खाली हॅदरसेज लागते. शार्लट ब्राँटी 1845 साली इथे राहून गेली होती. मग डर्वेंट नदी ओलांडून होप, तिथला 1929 पासूनचा सिमेंट कारखाना, आणि शेवटी पेव्हरिल किल्ल्याच्या पायथ्याचे कॅसलटन.

या वाटेने पूर्वी चेशायरचे मीठ लादलेल्या घोड्यांचे तांडे पूर्वेकडे जात. 1758 साली ती टोलरस्ता झाली. त्या काळात इंग्लंडमध्ये संसद एकेका रस्त्यासाठी स्वतंत्र कायदा करी. परिसरातील जमीनदार व व्यापारी विश्वस्त होत, कर्ज उभारून रस्ता बांधत आणि नाक्यांवर टोल घेऊन त्याची डागडुजी करत. शेफील्डबाहेर रिंगिंग्लो इथे अशाच एका नाक्याची अष्टकोनी इमारत अजून उभी आहे.

कॅसलटनच्या पश्चिमेला मात्र हा रस्ता विनॅट्स पास या अरुंद खिंडीतून चढे. दोन्ही बाजूंना चुनखडकाचे उभे कडे आणि चढ पाचास एकाहून अधिक. घोड्यांना तो झेपे, भरलेल्या गाड्यांना नाही. सोपी चढण हवी म्हणून शेफील्ड ॲण्ड चॅपल-एन-ले-फ्रिथ टर्नपाइक कंपनीने 1819 च्या सुमारास खिंड टाळून शेजारच्या मॅम टॉरच्या उतारावरून नवा रस्ता काढला. भरावासाठी जवळच्या ओडिन या शिशाच्या खाणीतील टाकाऊ दगडमाती वापरली.

खिंडीचा चुनखडक पक्का होता. मॅम टॉर तसा नव्हता. 517 मीटर उंचीच्या या डोंगरात वरती वालुकाश्म आणि खाली शेल, म्हणजे चिखलाचे थर दाबले जाऊन बनलेला ठिसूळ दगड आहे. पाणी मुरले की शेल ढासळतो आणि वरचा भार घेऊन खाली सरकतो. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी डोंगराची पूर्व बाजू अशीच सुटली आणि सुटलेले ढिगारे तेव्हापासून थांबलेले नाहीत. लोक याला ‘थरथरता डोंगर’ म्हणत आणि इतकी माती गळूनही तो कमी होत नाही, असे मानत. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याने सतराव्या शतकातच त्याची गणना पीकच्या सात आश्चर्यांत केली होती. म्हणजे रस्ता आखला गेला तेव्हा डोंगराचा स्वभाव कोणाला ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही. तरीही रस्ता याच ढिगाऱ्यांवरून, तोही वळण घेऊन दोनदा गेला.

सह्याद्रीत दरड कोसळते ती बहुधा काही क्षणांत; 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव तसेच गाडले गेले. मॅम टॉरची दरड वेगळ्या जातीची आहे. तिचे काही भाग सरासरी वर्षाला 25 सेंटीमीटरपर्यंत सरकतात, ओल्या हिवाळ्यानंतर जास्त. या संथपणामुळेच दुरुस्तीची आशा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. टोल संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपल्या, रस्ता काउंटीकडे आला आणि 1920 च्या दशकात त्याला ए625 हा क्रमांक मिळाला. 1912, 1933, 1946, 1952, 1966 आणि 1974 साली मोठी कामे झाली. प्रत्येक वेळी खचलेल्या जागी खडी आणि डांबराचा नवा थर चढला. नव्या थराचे वजनही शेवटी त्याच उतारावर पडत होते.

1976 चा उन्हाळा कमालीचा कोरडा गेला आणि त्यामागून जोरदार पाऊस आला. 1977 साली रस्ता इतका खचला की एकच मार्गिका चालू ठेवावी लागली. दोन वर्षांनी तीही बंद झाली. उतारातील पाणी खोलवरून काढून देण्याचा उपाय विचारात आला, पण खर्च परवडणारा नव्हता. डोंगर थांबवता येत नसेल तर रस्ताच सोडून द्यावा, हा तो निर्णय योग्य होता. चुकली होती ती 1819 ची आखणी.

बंद तुकडा आता पायी पाहता येतो. डांबराचे पट्टे पायऱ्यांसारखे खाली खचले आहेत, मधली पांढरी रेघ एका पट्ट्यावर तुटून खालच्या पट्ट्यावर बाजूला सरकलेली दिसते. तुटलेल्या कडेत खडी-डांबराचे एकावर एक थर मोजता येतात. काही ठिकाणी त्यांची जाडी दोन मीटरपर्यंत आहे. प्रा. ए. डब्ल्यू. स्केम्प्टन व सहकाऱ्यांनी 1989 साली या दरडीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आणि भूस्खलनाच्या अभ्यासकांसाठी ही जागा महत्त्वाची ठरली.

कॅसलटनहून पश्चिमेला जाणाऱ्या मोटारी आता पुन्हा विनॅट्स पास चढतात. अवजड वाहनांना तिथे बंदी आहे. ती ब्रॅडवेलवरून दक्षिणेला जाऊन ए623 ने चॅपल-एन-ले-फ्रिथ गाठतात.