जुन्या सायकलीचा जबाब

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा या भागातल्या जुन्या घरांत माळवदाच्या अंधाऱ्या खोलीतून किंवा गोठ्यातल्या अडगळीतून अजूनही आजोबांची सायकल निघते. नातवाला उमाळा येतो. तो ती बाहेर काढतो, दोन बादल्या पाणी मारतो आणि थेट पॉलिश पेपर हातात घेतो. आठ दिवसांत सायकल काळीभोर, चकचकीत होते. तिच्याबद्दल साधार सांगता येईल असं जे काही होतं, ते मात्र रंगाच्या भुकटीबरोबर मोरीत वाहून गेलेलं असतं. पहिल्यांदाच अशा कामात हात घालणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की ही सायकल एक दस्तऐवज आहे. ती आधी वाचावी आणि मगच दुरुस्त करावी.

आपल्या जिल्ह्यात या वाचनाला वेगळी गोडी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. विलायती सायकल बर्मिंगहॅम किंवा नॉटिंगहॅमहून बोटीने मुंबईला उतरायची आणि तिथून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मनमाडला यायची. मनमाडला रुळांची रुंदी बदलत होती. ब्रॉडगेजच्या डब्यातला माल तिथे मीटरगेजच्या डब्यात चढवावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, पूर्णा करत सिकंदराबादकडे जाई. शिवाय संस्थानाची जकात वेगळी, म्हणजे ‘करोडगिरी’चा नाका आलाच. तेव्हा इंग्लंडमधल्या कारखान्यातून सुटलेली पेटी परभणीच्या दुकानात फुटेपर्यंत तिच्यामागे कागदांची एक माळ तयार होत असे: बिल, रेल्वेची बिल्टी, करोडगिरीची पावती, शेवटी दुकानदाराची रसीद. घरात यातला एखादा कागद उरला असला तर तो बहुधा जमिनीच्या जुन्या कागदांच्या गाठोड्यात, उर्दूत लिहिलेला असतो. म्हणूनच तो सायकलीचा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हा कागद वाचताना पहिली ठेच लागते ती तारखेला. संस्थानाचा कारभार फसली सनात चाले. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, असं सगळेच सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास, आझूर महिन्यापासून सुरू होई. आझूर, दै आणि बहमन या पहिल्या महिन्यांना 590 चालतात. जानेवारी लागली की 591 मिळवावे लागतात. रसिदीवर ‘तीर 1350 फसली’ असेल तर तो 1941 चा मे महिना ठरतो, 1940 चा नव्हे. सायकलीच्या बाबतीत हे एक वर्षही मोठं असतं, कारण ऐन महायुद्धात इंग्रजी कारखान्यांचा माल वर्षावर्षाला बदलत गेला.

दुसरी ठेच किमतीला लागते. रसिदीतला रुपया हाली की कळदार, हे आधी पाहावं. उस्मानिया सिक्का, म्हणजे हाली रुपया, इंग्रजी कळदार रुपयापेक्षा हलका होता. ढोबळ हिशेबात सात हाली म्हणजे सहा कळदार. मुंबईच्या जाहिरातीतली किंमत आणि परभणीची रसीद शेजारी ठेवून ‘दुकानदाराने लुटलं’ म्हणण्याआधी हा फरक वजा करायला हवा.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांची ओळख त्या मानाने सोपी आहे. त्यांवरचं राज्याचं नावच काळ सांगतं. आधी हैदराबाद राज्य, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. आणे-पै असतील तर कागद बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचा, ‘नवे पैसे’ असतील तर नंतरचा. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्या वर्षाचा धातूचा बिल्ला देत. असा बिल्ला सीटखाली किंवा हँडलला तारेने बांधलेला असेल तर काढून फेकू नका. ही सायकल त्या वर्षी त्या गावात चालत होती याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

कागद काहीच उरला नसेल तर खुद्द सायकलीकडे जावं. इथे घरातल्या आठवणीशी गाठ पडते. ‘निजामाच्या काळातली, अस्सल विलायती’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतं. आठवण आदराने ऐकावी, पण ती धातूशी ताडून पाहावी. हँडलखालच्या नळीवर हर्क्युलिसचा बिल्ला आहे, एवढ्याने सायकल बर्मिंगहॅमची ठरत नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने 1951 पासून हर्क्युलिस बनवायला सुरुवात केली. रॅले नॉटिंगहॅमची, पण सेन-रॅले आसनसोलची. अॅटलस 1951 पासून सोनीपतची, हिरो 1956 पासून लुधियानाची. बिल्ल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत कारखान्याचं ठिकाण असतं आणि गंजाखाली तेच आधी बुजतं. त्याला ब्रश लावू नये. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं तासभर ठेवून मग हलकेच टिपावं.

बीएसएच्या बाबतीत तर दुहेरी सावध राहायला हवं. पुढच्या दातेरी चकतीत बीएसए ही तीन अक्षरं कापलेली दिसली की लोक निःशंक होतात. पण बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी आपले सुटे भाग दुसऱ्या कारखानदारांनाही विकत असे. त्यामुळे चकती बीएसएची आणि फ्रेम भलत्याचीच, असं असू शकतं. 1957 मध्ये हा सायकलींचा धंदाच रॅलेकडे गेला. चकती साक्षीदार आहे, तिच्या एकटीच्या जबाबावर निकाल देऊ नये.

सगळ्यात बोलका साक्षीदार मागच्या चाकात असतो. सायकल तीन गिअरची असेल आणि हब स्टर्मी-आर्चरचा असेल, तर त्याच्या कवचावर तारखेचा ठसा सापडण्याची दाट शक्यता असते. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि काळ्या मातीची धूळ यांचा तिथे डांबरासारखा थर बसलेला असतो. रॉकेलात बुडवलेला बोळा फिरवला की आधी कंपनीचं नाव उमटतं, मग ‘एडब्ल्यू’ ही अक्षरं, आणि त्यांच्यालगत, उदाहरणार्थ, 52. हा हब 1952 चा. मात्र एवढ्यावरून सायकल 1952 ची ठरत नाही. चाक मूळचं असेल तर ती त्याआधीची नाही, इतकंच ठरतं. मग चाक मूळचं आहे का, हे पाहायचं. इंग्रजी रोडस्टरला पुढे 32 आणि मागे 40 तारा असत, आणि तीच रीत आपल्याकडे पुढे चालली. मागे 36 तारांची रिम दिसली तर चाक बदललं गेल्याची शंका घ्यावी. असा एकेक दुवा तपासला तरच साखळी टिकते.

मुलाम्याचंही तसंच आहे. साधारण 1930 च्या आधी सायकलींना निकेलचा मुलामा असे. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर चमक त्यानंतरची. आणि युद्धकाळात इंग्लंडमध्ये मुलाम्याचे धातू लढाईच्या कामाला लागल्यामुळे हँडल, रिम, क्रँक यांना सरळ काळा रंग देत. घरात निघालेल्या सायकलीचं हँडल काळं असेल तर ‘कुणीतरी रंगवून बिघडवलं’ असं समजून त्यावर क्रोम चढवू नका. तो काळा रंगच तिच्या जन्मसालाची खूण असू शकतो.

एवढं वाचून, फोटो काढून, फ्रेमवरचा नंबर वहीत उतरवून झालं की पाना उचलायला हरकत नाही. नंबर बहुधा सीटखालच्या कोपऱ्यात किंवा पेडलच्या दांड्याखाली सापडतो. मिस्त्री चांगला असला तरी दोन गोष्टी त्याला आधीच सांगाव्यात. सायकल नॉटिंगहॅमची रॅले असेल तर तिच्या पेडलच्या कपांना आणि हँडलखालच्या बेअरिंगला इंचाला 26 आटे असतात. बाजारात मिळणाऱ्या कपांना सहसा 24. जोर लावून बसवलेला कप फ्रेमचे आटे कायमचे खाऊन टाकतो. जुने कप झिजले असतील तरी छर्रे बदलून, ताजं ग्रीस भरून तेच वापरावेत. दुसरं म्हणजे कॉटर पिन. तिच्यावर सरळ हातोडी घातली की ती वाकते आणि क्रँकमध्ये अडकते. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं, क्रँकला खालून भक्कम टेकू द्यावा आणि मग एकच नेमका घाव घालावा.

गंजासाठी ऑक्झॅलिक अॅसिडचं सौम्य पाणी चांगलं. प्लास्टिकच्या टबात, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत काम करावं आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भाग धुऊन लगेच कोरडे करावेत. फ्रेमवरचे छापील शिक्के आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा थिनरने क्षणात जातात, म्हणून थिनर तिथे फिरकूच देऊ नये. वाळलेल्या चामड्याच्या सीटला तेलात भिजवायचं नाही; मेणाचा पातळ हात पुरे. टायरची चिंता नको, 28 बाय दीडचे टायर आपल्याकडे अजून बनतात. आणि रंग? मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017 मध्ये खुल्या केलेल्या सायकल संग्रहालयात एक चक्कर मारली, तर जुनी सायकल कशी दिसायला हवी याचा डोळ्यांना अंदाज येतो.

राहता राहिले कागद. संस्थानाची दफ्तरं हैदराबादेत तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, पण एका घरच्या एका सायकलीची रसीद तिथे मिळणार नाही. ती मिळाली तर आपल्याच ट्रंकेत मिळेल. तेव्हा घरातलं उर्दू कागदांचं गाठोडं ‘जमिनीचं असेल, निकालात निघालं’ म्हणून रद्दीत देऊ नका. गावात उर्दू वाचणारी वडीलधारी माणसं आहेत तोवर एकेक कागद त्यांच्याकडून वाचून घ्या, मजकूर मराठीत उतरवा, आणि त्याची एक प्रत सायकलीच्या फोटोंबरोबर ठेवा.