गल्ल्यावरचा परदेशी : ताडी, चहा आणि परमिट रूम

तळेगाव दाभाडे, चाकण, पिंपरी-चिंचवड. या पट्ट्यात कुठेही फिरले, तरी एक पाटी हमखास दिसते : 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. पाटी इतकी ओळखीची की हे 'परमिट' नेमके कशाचे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. या एका शब्दामागे मात्र एक जुना पेच दडलेला आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इथे गल्ला मांडून लोकांना प्यायला द्यायचे ठरवले, तर त्याला कोणकोणते कागद सांभाळावे लागतात?

आज परदेशी माणूस तळेगावात येतो तो बहुधा कारखान्याच्या कामावर. जनरल मोटर्सचा प्रकल्प येथे २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस थांबला आणि पुढे तो दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. हे परदेशी पाहुणे पाटीखालून आत जाणारे. त्यांच्या शंभर वर्षे आधी याच पुणे परिसरात गल्ल्याच्या पलीकडे बसणारे परदेशी होते. त्यांना सगळे 'इराणी' म्हणत.

पारशी आणि इराणी यांत गल्लत फार होते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते प्रामुख्याने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात यझद आणि केरमान या भागांतून आले. बरेचसे जरथुष्ट्री होते, काही शिया मुसलमानही होते. पुण्यात डेक्कनवर १९३५ मध्ये सुरू झालेले कॅफे गुडलक हे या दुसऱ्या शाखेचे.

येण्याची कारणे सुखाची नव्हती. जरथुष्ट्री लोकांवर इराणात जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठवले आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, १८८२ मध्ये, नासिरुद्दीन शाहाने तो कर उठवला. दरम्यान १८७०-७२ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. माणसे बंदर अब्बासहून जहाजाने मुंबई गाठत. पुढे पहिल्या महायुद्धानंतर क्वेट्ट्याकडून रेल्वेचा मार्गही खुला झाला. आलेल्यांपैकी कित्येकांनी प्रथम पारशांच्या घरी नोकरी धरली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्येच, तळेगाववरून, सुरू झालेला होता. मुंबईत न सामावलेला इराणी पुण्याच्या लष्कर भागात सहज पोहोचे.

अशांपैकी एक शहरियार मुंदेगार इराणी. मूळचे यझदजवळच्या खेड्यातले. तरुणपण फकिरी वृत्तीने भटकण्यात गेले आणि अखेर ते पुण्यात स्थिरावले. संसार उभा केला तो चहाच्या दुकानावर आणि ताडीच्या दुकानावर. २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात त्यांना मुलगा झाला, मेरवान. पुढे जग त्याला मेहेरबाबा म्हणून ओळखू लागले. त्या अध्यात्माचा हा विषय नव्हे. इथे पाहायचे आहे ते दुकान.

ताडीचा धंदा समजल्याखेरीज त्या दुकानदाराची अवस्था कळत नाही. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला छेद देऊन मडके बांधतात. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर रस मडक्यात ठिबकत असतानाच आंबू लागतो, दुपारपर्यंत चढतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो. म्हणजे साठवण नाही. आज उतरलेला माल आजच खपवायचा. दारूचा दुकानदार पिंप भरून ठेवून वाट पाहू शकतो. ताडीवाल्याला ती मुभा नाही. दोन दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही, तर दोन दिवसांचा माल गेलाच.

त्याच वेळी सरकारचे देणे मात्र थांबत नसे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदण्यापासून पेला भरण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर सरकारी हक्क बसवला. झाडामागे कर, दुकानाला परवाना, आणि परवान्याला मुदत. कोकणात भंडारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. तो एका फटक्यात परवान्याच्या आणि लिलावाच्या चौकटीत गेला. चौकटीत टिकायला रोकड लागे, अर्ज-हिशोब समजावे लागत आणि समाजात नाव खराब होण्याची भीती नसावी लागे. वरच्या जातींचे हिंदू आणि धार्मिक मुसलमान या धंद्यापासून दूर राहत. पारशांना आणि इराण्यांना धर्माची आडकाठी नव्हती. परक्या माणसासाठी दार उघडे राहिले ते असे : ज्या धंद्यात स्थानिक प्रतिष्ठिताला बसायचे नव्हते, तिथे जागा रिकामी होती.

या रिकाम्या जागेची किंमत पुढे मोजावी लागली. सरकारला महसूल हवा होता, पण गिऱ्हाइकाला दिसे तो सरकारचा अधिकारी नव्हे, गल्ल्यावरचा माणूस. उधारी त्याची, तगादा त्याचा, आणि रागही त्याच्यावरच.

१९०८ मध्ये, मंडालेच्या शिक्षेपूर्वी काही महिने, टिळकांनी पुण्यात दारूबंदीची चळवळ हाती घेतली आणि दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. १९२१ मध्ये असहकाराच्या कार्यक्रमात हेच निरोधन देशभर पसरले. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला युवराजाच्या आगमनाच्या दिवशी मुंबईत दंगल उसळली. दारूची दुकाने फोडली गेली, पारशांवर हल्ले झाले, पन्नासहून अधिक माणसे मेली आणि गांधीजींनी उपोषण केले. पुढच्याच वर्षी पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांपासून 'देवी'ची लाट उठली, ती दक्षिण गुजरातपर्यंत पोहोचली. तिथे आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला.

हा राग निराधार होता असे म्हणता येत नाही. दक्षिण गुजरातेत दारूच्या उधारीपायी आदिवासींच्या जमिनी दुकानदारांकडे गेल्या होत्या. पण पुण्याच्या पेठेतले एक लहानसे ताडीचे दुकान आणि शेकडो एकर बळकावणारा पीठवाला यांच्यात फरक होता, आणि आंदोलनाच्या गर्दीला असे फरक करत बसायला उसंत नसते.

याच काळात तरुण मेरवान पुण्याच्या कसबा पेठेत ताडीच्या दुकानाचे काम पाहत होता. सोबत भागीदार बेहरामजी, तोही इराणी. सेंट व्हिन्सेंट शाळा आणि डेक्कन कॉलेज पाहिलेला हा मुलगा बाटल्या धुई, पेले भरी, झाडलोट करी. आणि त्याच्या चरित्रांत असे नोंदवलेले आहे की तो गिऱ्हाइकांना कमी प्या म्हणून सांगत असे. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध आत्मघात. १९२२ मध्ये तो मुंबईला गेला आणि नंतर अहमदनगरजवळ आरणगावला स्थिरावला.

बाकीच्या इराण्यांनी काय केले? चहा विकला.

हे उत्तर वाटते तितके साधे नाही. चहाला परवाना-लिलाव नव्हता, झाडामागे कर नव्हता, दुकानासमोर स्वयंसेवक उभे राहत नव्हते. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, सगळ्यांना तो चाले. सांगतात की रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्त पडे. कथा खरी असो वा रचलेली, कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते एवढे मात्र इराण्याला नक्की कळले होते. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बनमस्का, ब्रुन, खिमा. आणि त्याच दुकानाच्या एका बाजूला साबण, काड्यापेट्या, बिस्किटे. मुंबईत १९०४ चे कयानी, १९२३ चे ब्रिटानिया. पुण्यात १९५५ ची कयानी बेकरी. त्या टेबलांभोवती जातीची पंगत नव्हती. कुणाच्या शेजारी कोण बसले, हे विचारण्याची सोयच मालकाने ठेवली नव्हती.

मात्र मालक स्वतः कोण, हे सरकार विचारत होते. १९३९ मध्ये परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा आला, १९४६ मध्ये त्यांच्या वास्तव्याचा. इराणी पासपोर्ट असलेल्या माणसाला आता कचेरीत नाव नोंदवायचे आणि राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, मग दुकान वीस वर्षांचे असो की तीस. १९४७ मध्ये तर कराची आणि क्वेट्टा, जिथून तो आला आणि जिथे त्याच्या भाऊबंदांची हॉटेले होती, तेही दुसऱ्या देशात गेले.

आणि मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. इथे इतिहासाने जी थट्टा केली आहे, ती सावकाश वाचण्याजोगी आहे.

मोरारजी देसाई गृहमंत्री असताना झालेल्या या कायद्याने सर्वांसाठी दारू बंद केली, पण कलम ४० मध्ये विदेशी मद्य पिण्याचे परमिट कुणाला देता येईल, हे सांगितले. जिथे असे मद्य सर्रास घेतले जाते अशा देशात जन्मून वाढलेल्या माणसाला ते मिळू शके. किंवा ज्याचे नाव १९३९ च्या कायद्याखालच्या परदेशी नोंदवहीत आहे त्याला. अट अशी की तो इथे तात्पुरता राहत असला पाहिजे आणि आपले एकमेव, कायमचे घर भारताबाहेर करण्याचा त्याचा पक्का इरादा असला पाहिजे.

आता पुण्याच्या कोपऱ्यावर गल्ला मांडून बसलेल्या इराण्याला या वाक्यासमोर उभे करून पाहा. नाव नोंदवहीत आहे, म्हणजे तो परदेशी. पण मुले इथल्या शाळेत, उधारीची वही मराठी आणि गुजराती नावांनी भरलेली. परत जाण्याचा पक्का इरादा कुठून आणणार? एका कायद्याच्या लेखी तो परका, आणि दुसऱ्याच्या लेखी पुरेसा परका नव्हे.

कायद्याला आव्हान दिले ते एफ. एन. बलसारा या मुंबईकर नागरिकाने. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांबरोबरच ओ-डी-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला. परदेशी माणसाला परमिट आणि भारतीयाला नाही, हा भेदभाव नव्हे काय, हा मुद्दा त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरील बंदी गेली. परदेशी नागरिकांची सवलत आणि दारूबंदीचा गाभा टिकला. बलसारांना ओ-डी-कोलोन मिळाले, व्हिस्की नाही.

दारूबंदीच्या वर्षांत इराण्याचा चहा जोरात होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, बंदी सैल होत गेली. कायदा रद्द मात्र झाला नाही, आणि तेथून ही पाटी जन्मली. दारू विकायची तर परमिट असलेल्यालाच, आणि तीही वेगळ्या खोलीत. म्हणून 'परमिट रूम'. त्या परवान्याला आजही एफएल-३ म्हणतात, आणि ग्राहकाने आजही कागदोपत्री परमिट घ्यायचे असते. एक दिवसाचे पाच रुपये, वर्षाचे शंभर, आजन्म हजार.

चहा-ब्रुनवर भाडे आणि पगार निघेनासे झाले, तेव्हा काही इराण्यांनी हा परवाना घेतला. आजोबांनी ताडी सोडून चहा धरला. नातवाने चहासोबत बिअर धरली. मुंबईतील १८७१ चे लिओपोल्ड आणि १९३२ चे माँडेगार ही यातली प्रसिद्ध नावे. अनेकांनी मात्र शटर ओढले. काहींची मुले शिकून परदेशी गेली, काहींच्या जागेत उडपी-मंगळूरकडचे शेट्टी आले. तेही घरापासून दूर आलेले, पण त्यांना नोंदवहीत नाव घालावे लागले नाही.

परवाना किती नाजूक असतो, हे १५ डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा दिसले. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा तो आदेश. १ एप्रिल २०१७ पासून रस्त्याकाठच्या परमिट रूम अंधारल्या. जुलैत न्यायालयाने पालिका हद्दीला हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले. मधले तीन महिने मालक फूटपट्टी घेऊन दारापासून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजत राहिले.

आणि आजचा परदेशी? नोकरीच्या व्हिसासाठी त्याचा वार्षिक पगार किमान सव्वासोळा लाख रुपये असावा, असा नियम आहे. त्यातून जे थोडे लोक वगळले आहेत, त्यांत स्वदेशीचा स्वयंपाक करणारा आचारी आहे. कोरियाचा अभियंता पगारावर मोजला जातो; त्याला घरचे जेवण रांधून घालणारा मोजला जात नाही. ज्या १९३९ च्या कायद्याने इराण्याचे नाव नोंदवहीत घातले, तो २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. १९४९ चा दारूबंदी कायदा मात्र अजून लागू आहे, आणि तळेगावच्या पाटीवर 'परमिट' हा शब्दही.