खिडकीची काच, व्हिनेगर आणि चाळीस शिलिंग

मागच्या वर्षी घर सोडताना मला खिडक्या पुसून द्यायच्या होत्या. उत्तर इंग्लंडमधलं जुनं विटांचं घर, दुसरा मजला आणि खिडकी सॅश पद्धतीची. ही खिडकी कवाडासारखी उघडत नाही, खालची चौकट वर सरकवावी लागते. आतून काच लख्ख झाली, पण बाहेरून हात पोचेना. शेवटी मी रस्त्याकडे पाठ करून खिडकीच्या दगडी पट्टीवर बसले. पाय खोलीत, चौकट मांड्यांपर्यंत खाली ओढलेली, एका हातात व्हिनेगरच्या पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात रद्दीचा बोळा. खालून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी मला असं झापलं की मी मुकाट्यानं आत आले. काच अर्धीच राहिली.

नंतर माझ्या लक्षात आलं की मी जशी बसले होते, तशाच दीडशे वर्षांपूर्वी या देशातल्या हजारो मुली बसायच्या. आज ज्याला आपण 'सोपा, नैसर्गिक, घरगुती उपाय' म्हणतो, त्याचा इतिहास त्या मुलींना वगळून सांगता येत नाही.

व्हिनेगर आणि वर्तमानपत्र ही जोडी तुमच्याही घरात ऐकलेली असेल. दिवाळीच्या साफसफाईत आरसा आणि खिडक्या ओल्या वर्तमानपत्रानं पुसायच्या, हे आपल्यापैकी अनेकांनी आईकडे पाहिलंय. त्यामुळे हे काहीतरी फार प्राचीन, आजीच्या बटव्यातलं ज्ञान आहे असं वाटतं. पण थोडा विचार करा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी कवाडं आणि गज असायचे. जिथे काचच नाही तिथे काच पुसायची युक्ती कुठून येणार?

इंग्लंडमध्येही साध्या घरात भरपूर काच ही तशी अलीकडची गोष्ट. 1696 साली तिथे खिडक्यांवर कर बसला. घराला जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी सरळ खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या गल्ल्यांतून फिरताना भिंतीत खिडकीच्या आकाराचा विटांचा चौकोन दिसला, तर तो या कराची आठवण असू शकतो. (सगळेच तसे नसतात. काही नुसत्या शोभेसाठी, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून केलेले असतात.) पुढे 1740च्या दशकात काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर आला. काच महाग, खिडकी महाग, म्हणजे उजेडही महाग.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एकापाठोपाठ एक कर गेले. 1845 साली काचेवरचा, 1851 साली खिडक्यांवरचा, 1853 साली साबणावरचा, 1855 साली वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर आणि 1861 साली कागदावरचा. ही यादी मी पहिल्यांदा एका कागदावर लिहिली तेव्हा मलाच गंमत वाटली, कारण खिडकी पुसायला लागणारं जवळपास सगळं सामान तिच्यात होतं! 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसला सुमारे तीन लाख काचा लागल्या. दहा वर्षांपूर्वी, काचेवर कर असताना, तो खर्च कुणाला झेपला असता? 1855 साली निघालेला डेली टेलिग्राफ काही महिन्यांतच एका पेनीला मिळू लागला. स्वस्त पेपर आला की रद्दीही आली. अर्थसंकल्पांतल्या या बदलांशिवाय हा 'घरगुती उपाय' घराघरात पोचला नसता.

पण मुळात काच इतकी पुसायची गरज का पडायची? कोळशामुळे. प्रत्येक खोलीत शेगडी, प्रत्येक छपरावर धुराडं, शिवाय गिरण्या. या धुरातली काजळी नुसती धूळ नसते, तिच्यात डांबरासारखा चिकट अंश असतो. तिच्यावर साधं पाणी मारलं की काच साफ होण्याऐवजी सारवल्यासारखी होते.

म्हणून निरनिराळ्या युक्त्या निघाल्या आणि प्रत्येकीमागे साधं रसायनशास्त्र आहे. खडूची बारीक पूड पाण्यात कालवून काचेला फासायची, वाळू द्यायची आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढायची. पूड तेलकटपणा शोषून घेते आणि हलकं घासते. खडू काचेपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. व्हिनेगरमधलं आम्ल पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग विरघळवतं. तेलकट थरावर मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही. तिथे धुण्याचा सोडा किंवा अमोनिया लागतो. सोडा वाळला की काचेवर पांढरट रेघा राहतात, अमोनिया उडून जातो. आणि हा अमोनिया यायचा कुठून? रस्त्यावरच्या दिव्यांसाठी कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यांतून, जोडउत्पादन म्हणून. ज्या कोळशानं काच काळी केली, त्याच कोळशातून ती पुसायचं औषध निघत होतं. 'नैसर्गिक' हा शब्द इथे जरा जपूनच वापरावा लागतो.

आता हात कुणाचे? व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये स्त्रियांना सर्वाधिक रोजगार देणारं काम म्हणजे घरकाम. मध्यमवर्गीय घरात बहुतेक वेळा एकच मोलकरीण असायची आणि तिला 'सगळ्या कामांची बाई' म्हणत. मिसेस बीटन यांच्या 1861च्या गाजलेल्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात तिचा वर्षाचा पगार 9 ते 14 पौंड दिलाय. हॅना कलविक या मोलकरणीच्या रोजनिश्या आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. ती श्रॉपशरमध्ये 1833 साली जन्मली आणि लहानपणीच कामाला लागली. चुली, राख, बूट, पायऱ्या, खिडक्यांच्या पट्ट्या, गुडघ्यांवर बसून घासलेल्या फरशा, अशी तिच्या दिवसाची यादी वाचताना आपल्यालाच दम लागतो. घरकामाच्या पुस्तकांत कृती एका ओळीत संपते. या रोजनिशीत कळतं की ती ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसात कुठे बसवलेली होती.

सॅश खिडकीत खरा धोका बाहेरच्या बाजूला. काच बाहेरून पुसायची तर पट्टीवर उभं राहायचं, नाहीतर मी बसले तसं बसायचं. आणि मुली पडायच्या. या प्रथेची दखल घेणारा एक कायदाही आहे. 1847चा 'टाउन पोलीस क्लॉजेस अ‍ॅक्ट', म्हणजे शहरांनी आपापल्या व्यवस्थेसाठी उचलावीत अशी कलमं. त्याच्या 28व्या कलमात रस्त्यावरच्या उपद्रवांची लांबलचक यादी आहे. पतंग उडवणं, बर्फावर घसरगुंडी करणं, उगाच लोकांच्या दारावरची घंटा वाजवणं, असं बरंच काही. त्यातच एक गुन्हा असा की मालकानं आपल्या नोकराला खिडकी पुसायला पट्टीवर उभं राहायला सांगणं किंवा राहू देणं. दंड जास्तीत जास्त चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड. तळघराच्या खिडकीला सूट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी त्या मुलींचा विचार केला! मग कलमाची सुरुवात नीट वाचली. हे सगळे गुन्हे रहिवाशांना आणि वाटसरूंना होणारा अडथळा, त्रास किंवा धोका या नावाखाली येतात. खिडकीच्या ओळीच्या जरा आधी काय आहे? वरच्या खिडकीत नीट न बांधता ठेवलेली फुलझाडाची कुंडी. त्यानंतर छपरावरून खाली टाकलेली कौलं आणि विटा. आणि मग मोलकरीण. यादीत तिची जागा रस्त्यावर पडू शकणाऱ्या वस्तूंच्या शेजारी होती. तरीही दंड मालकाला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो मुलीला नव्हता. पण कायद्यात शब्द 'उभं राहणं' असा आहे. बसण्याबद्दल त्यात काही नाही.

पुढे घरात मोलकरीण ठेवणं बहुतेकांना परवडेनासं झालं आणि शिड्या, बादल्या घेऊन फिरणारे खिडकीवाले नेहमीचे झाले. 1952च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुरकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. काजळी कमी होत गेली. कोळशाच्या काळातल्या युक्त्यांपैकी व्हिनेगर आणि रद्दी टिकली, कारण उरलेल्या धुळीला आणि क्षारांच्या डागांना तेवढं पुरतं.

तेव्हा तुम्ही ते जरूर वापरा. निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी. ऊन काचेवर असताना पुसू नका, वाळून रेघा पडतात. संगमरवरी किंवा चुनखडीच्या पट्टीवर सांडू देऊ नका, आम्लानं दगड खरवडला जातो. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि बाहेरची बाजू खाली उभं राहून लांब दांड्यानं पुसा, नाहीतर पैसे देऊन पुसून घ्या. पैसे देताना घासाघीस करू नका.

माझी ती अर्धी काच तशीच राहिली. घरमालकांनी त्यासाठी डिपॉझिटमधून पैसे कापले. रक्कम चाळीस शिलिंगांपेक्षा बरीच जास्त होती, पण मी वाद घातला नाही.