संकेतस्थळ सुगमता

दृष्टी, श्रवण किंवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींना संकेतस्थळ कोणाच्या मदतीविना वापरता यावे, अशी रचना. चंद्रपूर व गडचिरोली जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या व्यासपीठावर आहेत. अक्षरांचा आकार बदलणे, रंगविरोध वाढवणे, थेट मुख्य मजकुराकडे जाणे या सोयी तेथे मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल किंवा गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याच्या दिव्यांग नागरिकाचा जिल्हा मुख्यालयापर्यंतचा हेलपाटा वाचावा, हे या सोयींचे खरे मोल. सिरोंचा तर गडचिरोली शहरापासून सुमारे २०० किमी दूर आहे.

अंध व्यक्ती एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरच्या आधारे मजकूर ऐकतात. मात्र युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधला मजकूर त्यातून निरर्थक ऐकू येतो आणि स्कॅन करून टाकलेला शासन निर्णय नुसते चित्र ठरतो. हे अडथळे दूर न करता केलेली बाकी सजावट व्यर्थ होय. चित्रांना पर्यायी मजकूर, अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव आणि केवळ कळफलकाने वापरता येणे याही मूलभूत गरजा आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही सुगमता शासनाची जबाबदारी ठरवली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली.